युवककार्य आणि वर्णाचा अपमान

(आरमोरी येथे युवक मंडळे, अभ्यासिका व वसतिगृहे चालविणारे कार्यकर्ते आणि पालक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



धानाची रोवणी नुकतीच आटोपली आहे. अंगावरचा चिखल अजून पुरता वाळला नसताना आपण वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांतून येथे जमला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आजच्या सभेत दोन प्रकारची माणसे आहेत. काहींच्या आजोबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या समक्ष धम्मदीक्षा घेतली. त्या वेळी आरमोरी चांदा जिल्ह्यातच होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. दुसरी माणसे अशी की ज्यांच्या घरी दीक्षा होऊन वर्ष दोन वर्षेच झाली आहेत. ज्यांच्या घरातील जुने देव्हारे अलीकडेच रिकामे झाले, त्यांना आज मला विशेष काही सांगावयाचे आहे. ते मुलांविषयी आहे.

आपण मुलांसाठी पुष्कळ करतो, हे मी प्रथमच मान्य करतो. कोणी विहाराच्या ओसरीवर संध्याकाळची अभ्यासिका चालवितो. कोणी मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, कोणी जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत चार चार खेपा घालतो, तर कोणी परगावी शिकणाऱ्या मुलीसाठी खोली शोधून देतो. हे काम लहान नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते. महाडचे चवदार तळे १९२७ साली आले, वसतिगृह त्याच्या आधीचे आहे. मुलाला राहावयास जागा, पोटाला अन्न आणि हाती पुस्तक देणे हा आपल्या चळवळीचा आरंभापासूनचा धर्म आहे.

परंतु ज्यांनी धान पिकविले आहे त्यांना एक गोष्ट सांगावयास नको. पऱ्हे कितीही जोमदार असले तरी बांधीत चिखलणी झाली नसेल तर रोवणी फुकट जाते. पऱ्हे पिवळे पडले म्हणजे शेतकरी पऱ्ह्यांना दोष देत नाही. तो बांधीत उतरून पाहतो. आपली मुले मात्र शाळेतून, वसतिगृहातून, शिबिरातून परत आली म्हणजे आपण मुलांनाच दोष देतो. पोरगा आळशी निघाला, मुलीचे मन रमले नाही, असे म्हणून मोकळे होतो. जेथे त्यांना रोवले तेथील चिखल कसा होता, हे आपण पाहत नाही.

माझ्या वहीतील एक नोंद

हे मी दुसऱ्यांवर टीका करण्यासाठी बोलत नाही. मी स्वतः हा अपराध केला आहे, आणि तो आज आपणांपुढे सांगणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका उन्हाळी शिबिराची व्यवस्था पाहत होतो. शिबिर आपलेच होते, मुलेही बहुतेक आपलीच होती. दूरच्या जंगलातील एका गावाहून एक गोंड मुलगा आला होता. गणितात तो तल्लख होता. वर्णाने तो फार काळा होता आणि त्याची मराठी गोंडीच्या वळणाची होती. पहिल्याच दिवशी मुलांनी त्याच्या वर्णावरून त्याला एक नाव ठेवले. ते नाव मी येथे उच्चारणार नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कोणी तरी दिवा गेल्यावर ते नाव घेऊन काही बोलला, आणि सारी पंगत हसली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाची वळकटी जागेवर नव्हती. तो निघून गेला होता. शिबिराच्या वहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिले: घरगुती अडचण.

ती नोंद खोटी होती, आणि ती लिहिताना मला ते ठाऊक होते. जी मुले हसली त्यांच्या आज्यांना या जिल्ह्यात पाण्यासाठी विहिरीपासून दूर उभे राहावे लागले होते. त्यांच्या घराच्या भिंतींवर तथागतांची आणि बाबासाहेबांची चित्रे होती. ती मुले दुष्ट नव्हती. त्यांना कोणी थांबविले नाही, इतकेच. ज्याने थांबवावयाचे तो मी होतो.

पुष्कळ लोक म्हणतील, मुलांची थट्टा ती, तिचे एवढे काय मनावर घ्यायचे? यावर आपल्या धम्मातच एक उत्तर आहे. भगवंतांनी बालवयातील राहुलाला जो उपदेश केला, त्यात पाण्याच्या भांड्याचा दाखला देऊन त्यांनी सांगितले की थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. स्वतःच्या मुलाला त्यांनी थट्टेची सवलत दिली नाही. थट्टा म्हणून तोंडातून गेलेला शब्दही कर्मच असतो. आणि माणूस वर्णामुळे हलका ठरतो, याहून मोठे असत्य कोणते आहे?

काळा वर्ण आणि नीच जात

कोणी विचारील, जातीचे दुःख आपले. काळ्या-गोऱ्याचा वाद अमेरिकेचा. तो आरमोरीत कशाला आणता? तो मी आणलेला नाही. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी कष्ट घेतले त्यांना अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे. पुढे १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपली फिर्याद नेली, तेव्हा बाबासाहेबांनी तेथील थोर विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागविली. डू बॉइस यांनी उत्तरात अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळविली. आपल्या दोन्ही महापुरुषांनी ही दोन दुःखे शेजारी ठेवून पाहिली आहेत.

ती दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. जात अंगावर दिसत नाही, ती आडनावात, वस्तीत आणि दाखल्यात दडलेली असते. वर्ण तोंडावरच असतो, तो लपविता येत नाही. परंतु दोन्हींचा मुलाच्या मनावर होणारा परिणाम सारखा आहे, आणि तो परिणाम मोजला गेलेला आहे. अमेरिकेत केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे दोन बाहुल्या ठेवल्या, एक गोरी व एक सावळी. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे त्यांनी विचारले. पुष्कळशा कृष्णवर्णीय मुलांनी गोरीला चांगली आणि आपल्यासारख्या दिसणारीला वाईट म्हटले. मग विचारले, यांतली तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालात या संशोधनाचा आधार घेतलेला आहे.

माझ्या भगिनींना मी नम्रपणे विचारतो, ही बाहुल्यांची परीक्षा आपल्या घरी रोज होत नाही काय? मुलगी जन्मली की पहिला प्रश्न तिच्या वर्णाचा. ती खेळावयास निघाली की उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील. लग्न जमविताना जात पाहणार नाही असे सांगणारे घरही मुलगी गोरी हवी असे न लाजता सांगते. गोरेपणाचे नाव मिरविणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली तो शब्द आपल्या नावातून काढून टाकला. कारखानदाराला शब्दाची लाज वाटली. आपल्या घरातून तो शब्द केव्हा जाणार? ज्या घराने देव्हारा रिकामा केला, त्या घराच्या आरशापुढे जुनी पूजा चालूच राहिली तर दीक्षा अपुरी राहिली असे मला म्हणावे लागेल.

आधार दिला, पण माणूस पाहिला नाही

काळ्या वर्णाची माणसे आपल्या देशातही आहेत. पूर्व आफ्रिकेतून गुलाम, खलाशी, शिपाई म्हणून जे लोक आले त्यांचे वंशज सिद्दी होत. जंजिऱ्याचे राज्य त्यांचे होते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानांत ते राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या तोंडी कोकणी आहे. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. कर्नाटकातील या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले.

या लोकांच्या मुलांसाठी १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने एक योजना केली. सिद्दी मुले निवडून त्यांना क्रीडाकेंद्रांत आणावयाचे, खाऊपिऊ घालावयाचे, शिकवावयाचे आणि धावपटू करावयाचे. काही मुलांनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळविली. परंतु योजनेच्या मुळाशी असलेली कल्पना पाहा. हे लोक आफ्रिकेच्या वंशाचे, म्हणून ते उपजतच धावणारे, असा तो हिशेब होता. १९९३ च्या सुमारास योजना बंद झाली आणि मुले पुन्हा रानात आली. कोणाला डॉक्टर व्हावयाचे आहे, कोणाला मास्तर व्हावयाचे आहे, हा प्रश्न त्या योजनेत नव्हता. मुलांना आधार मिळाला हे खरे, आणि त्यांच्यापैकी काहींना त्याचा लाभही झाला. पण ज्या वर्णभेदाने त्यांना मागे ठेवले होते, त्याच वर्णभेदाच्या चष्म्यातून त्यांची निवड झाली होती. म्हणून योजना उठताच त्यांच्या हाती टिकाऊ असे थोडेच उरले.

हे दिल्लीच्या कचेरीतले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शिबिरात गोंड मुलगा आला की त्याला नाचावयास उभे करतो कोण? स्वागताच्या वेळी त्याला मोरपिसांचा तुरा बांधतो, आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत मात्र त्याचे नाव घालीत नाही, ते कोण? माडिया मुलीला रेला नृत्य येते का हे विचारणारे शंभर भेटतील. तिला गणितात काय अडते हे विचारणारा एक तरी असावा.

आणि आणखी एक गोष्ट. आपल्या मुलांपैकी पुष्कळ जण उच्च शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला जातात. तेथे बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. ते शहर, खडकी या नावाने, वसविले मलिक अंबरने. तो मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला काळा मुलगा. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत महाराष्ट्र विसरला नाही. ज्या शहराने आपल्या पिढ्या शिकविल्या, त्याचा पाया एका काळ्या माणसाने घातला, हे आपल्या मुलांना किती अभ्यासिकांत सांगितले जाते? हे ठाऊक नसलेला मुलगा पुण्यात किंवा दिल्लीत शिकावयास गेला की आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहून इतरांबरोबर हसतो. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा उठली आणि जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. असा जमाव एका दिवसात तयार होत नाही. त्याची सुरुवात पंगतीतल्या हशापासून होते.

तरुणांना कोणी कसा आधार दिला

मग खरा आधार कसा असतो? याचे काही दाखले सांगतो. आपण दीक्षा घेतली त्याच काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीय उठले होते. डिसेंबर १९५५ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात त्यांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला; तो डिसेंबर १९५६ पर्यंत, वर्षाहून अधिक काळ चालला. त्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले. केरळातील एका शाळेत, जेथे पूर्वास्पृश्यांची मुले शिकत होती, तेथे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बंधू अशी करून दिली. किंग यांनी १९६५ साली एका प्रवचनात सांगितले की प्रथम त्यांना तो शब्द लागला. मग आपल्या लोकांची स्थिती आठवून त्यांनी स्वतःशी कबूल केले की होय, मी अस्पृश्यच आहे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना वाढले नाही, ते उठले नाहीत. पाहता पाहता हे लोण गावोगावच्या विद्यार्थ्यांत पसरले. तेव्हा एला बेकर या ५६ वर्षांच्या कार्यकर्तीने एप्रिल १९६० मध्ये त्या विद्यार्थ्यांची परिषद बोलाविली. मोठ्या पुढाऱ्यांना वाटत होते की या मुलांनी आमच्या संस्थेची युवक शाखा व्हावे. बेकरबाई स्वतः किंग यांच्या संस्थेत काम करीत होत्या, तरी त्यांनी मुलांना सांगितले की तुमचा निर्णय तुम्ही करा. मुलांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. बाई त्यांच्या पाठीशी राहिल्या, पण त्यांच्या डोक्यावर बसल्या नाहीत. आपल्याकडे युवक मंडळ स्थापन होते आणि व्यासपीठावर मात्र पाच साठीचे गृहस्थ बसतात. खुर्च्या उचलावयास तेवढे युवक लागतात. मी स्वतः आज व्यासपीठावर आहे, म्हणून हे मलाही लागू आहे.

त्याच संघटनेने इतरांबरोबर १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात मुक्तिशाळा काढल्या. चाळीसच्या आसपास शाळा, दोन हजारांहून अधिक विद्यार्थी. तेथे लेखन, वाचन, गणित तर होतेच. पण आपला इतिहास, आपले नागरिकत्वाचे हक्क आणि आपल्याला मागे कोणी व का ठेवले, हे प्रश्नही पाठ्यक्रमात होते. पुढे ब्लॅक पँथर पक्षाने १९६९ पासून शाळकरी मुलांसाठी सकाळचा मोफत नाश्ता सुरू केला. उपाशी मुलाला धडा शिकता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. याच पक्षावरून आपल्या तरुणांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतले. नाव आपल्याला फार आवडले. मुलांच्या नाश्त्याची आठवण मात्र थोड्यांनीच ठेवली.

या सर्व ठिकाणी पोटाची भाकरी आणि अपमानाचा जाब ही दोन कामे दोन खात्यांत विभागलेली नव्हती. एकाच खोलीत, एकाच माणसाने दोन्ही केली. आज मला आपणांस हेच सांगावयाचे आहे.

मूल बोलते तेव्हा

अपमानाचा जाब विचारला नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय वैद्यकीय संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी विदर्भाचे सुपुत्र प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वसतिगृहात या विद्यार्थ्यांना एकटे पाडले जाते, शिक्षकांचे साहाय्य त्यांना इतरांसारखे मिळत नाही, असे तिने २००७ साली नमूद केले. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत जळगावकडची तरुण आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली. तिने घरी आपल्या छळाविषयी सांगितले होते, असे तिच्या आईने उघडपणे म्हटले आहे. त्या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ते इतरांच्या मुलांसाठी. या मातांपुढे मी नतमस्तक होतो. परंतु मातेला न्यायालयात जावे लागण्यापूर्वी तिच्या मुलाचे ऐकणारा कोणी तरी जवळ असावयास हवा.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल घरी येऊन म्हणाले की तेथे मला असे बोलले, तर पहिले उत्तर, तू लक्ष देऊ नकोस, हे असू नये. आपल्या बापजाद्यांना लक्ष न देण्याची सक्ती होती. आपण धर्म बदलला तो लक्ष देण्यासाठीच. मुलाचे पुरते ऐका. काय झाले, केव्हा झाले, समोर कोण होते, हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. त्याला एकटे राहू देऊ नका.

कायद्याचीही माहिती ठेवा. घटनेच्या १५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्यसंस्थेला मनाई केली, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा लोकांदेखत हेतुपूर्वक अपमान करणे हा गुन्हा ठरविला. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना कोणी सांगेल की बौद्ध झालात, आता हे संरक्षण गेले. ते खरे नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत केंद्राच्या कायद्यानेही झालेला आहे. दाखले नीट करून ठेवा आणि निर्भय राहा.

परंतु या कायद्याला एक सीमा आहे, आणि ती फार विचार करावयास लावणारी आहे. हा कायदा लागू होण्यासाठी अपराध करणारा माणूस अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असावा लागतो. आपल्या मुलाने गोंड मुलाचा अपमान केला तर या कायद्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्या शिबिरातील त्या पंगतीवर कोणताही पोलीस येणार नव्हता. तेथे फक्त आपली प्रतिज्ञा होती. बावीस प्रतिज्ञांपैकी नववी सर्व माणसांच्या समतेची आणि दहावी ती समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची आहे. जेथे कायदा आपल्याला धरू शकत नाही, तेथेच आपण खरोखर बौद्ध आहोत की नाही हे ठरते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

कार्यकर्त्यांना मी पाच गोष्टी सुचवितो. पहिली, अपमानाचा शब्द कानी पडताच त्याच क्षणी काम थांबवा. उद्या बोलू म्हणून ठेवू नका. दुसरी, ज्याचा अपमान झाला त्याला सर्वांपुढे उभे करून प्रश्न विचारू नका. त्याच्याशी एकांतात बोला आणि त्याला काय व्हावेसे वाटते ते विचारा. तिसरी, अपमान करणाऱ्या मुलाला हाकलून देऊ नका. तेही मूल आपलेच आहे. आपण काय केले हे त्याला समजावून द्या आणि चूक दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. चौथी, गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत उत्तर देण्याची मोकळीक द्या, आणि दोन शब्द त्यांच्याकडून शिका. पाचवी, वर्गाची, पैशाची आणि कार्यक्रमाची जबाबदारी खरोखर मुलांच्या हाती द्या. त्यांतही जो कोपऱ्यात बसतो त्याला आधी द्या.

शेवटची गोष्ट कोणाला अवघड वाटेल, म्हणून विनयपिटकातील एक प्रसंग सांगतो. शाक्य कुळातील राजपुत्र प्रव्रज्या घ्यावयास निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनी भगवंतांना विनविले की उपालीला प्रथम प्रव्रज्या द्यावी, म्हणजे तो आम्हांला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. भगवंतांनी तसे केले. समता केवळ मनात बाळगून त्यांनी समाधान मानले नाही. ती रोज पाळावी लागेल अशी व्यवस्थाच त्यांनी लावून दिली. तशी व्यवस्था आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत लावता येईल.

आता त्या मुलाविषयी सांगून माझे भाषण संपवितो. पुढच्या वर्षी तेंदूपानाचा हंगाम चालू असताना मी त्याच्या गावी गेलो. तो वडिलांबरोबर पाने आणावयास गेला होता. संध्याकाळी दोघे आले. त्याने मला पाणी दिले आणि काही न बोलता पानांचे मुडके बांधावयास बसला. मी त्याच्या वडिलांना म्हटले, त्या मुलांच्या वतीने मी क्षमा मागावयास आलो आहे. ते म्हातारे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, पोट्टे त हासतेच. पन पोरगा म्हणते, गुरुजीबी हासले.”

बंधूंनो, ते खरे होते. मघाशी मी आपणांस सांगितले की सारी पंगत हसली. त्या पंगतीत मीही होतो, एवढे मी सांगितले नव्हते. मी मोठ्याने हसलो नव्हतो. पण त्या मुलाने माझ्याकडे पाहिले, तेव्हा माझ्या तोंडावर हसू होते. त्याने मुलांचा राग धरला नाही. ज्याच्याकडे आधारासाठी पाहिले, तोच हसला, म्हणून तो गेला.

तो मुलगा शिबिरात परत आला नाही. परत ये असे म्हणण्याचा मला अधिकारही राहिला नव्हता. घरी येऊन मी ती जुनी वही काढली. “घरगुती अडचण” या शब्दांवर रेघ मारली आणि खाली खरे कारण लिहून सही केली. ती वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी.

आपणही येथून घरी गेल्यावर आपापल्या वह्या काढा. गेल्या काही वर्षांत कोण मुले मध्येच सोडून गेली, त्यांची नावे वाचा. कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा. जेथे मनाला शंका येईल, त्या घरी जा. त्यांतली काही मुले अजून लहान आहेत. त्यांना अजून परत बोलाविता येईल.

जय भीम.